हृदयालेख वाचण्याच्या विद्येची वाटचाल

मानवी हृदयातील सूक्ष्म विद्युत्प्रवाह शरीराच्या पृष्ठभागावरून नोंदविण्यात ऑगस्टस वॉलर यांना १८८७ मध्ये लंडन येथे यश आले. पुढे नेदरलँड्समधील लायडन येथे विलेम आइन्थोव्हेन यांनी सुस्पष्ट हृदयालेख, म्हणजेच आजचा ईसीजी, काढणारे यंत्र सिद्ध केले. त्याचे वजन सुमारे २७० किलो होते आणि रुग्णास हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे. या कार्याबद्दल त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक लाभले.

कालांतराने यंत्र लहान झाले. परंतु आलेखाचा अर्थ लावणे हे दीर्घकाळ डॉक्टरांचेच काम मानले गेले. हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागले की रक्ताभिसरण थांबते आणि काही मिनिटांतच मेंदूस इजा पोहोचते. डॉक्टर येईपर्यंत रुग्ण हातचा जाई. १९६२ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे डॉ. ह्यूज डे यांनी हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र अतिदक्षता विभाग सुरू केला. अशा विभागांतून परिचारिकांना आलेख ओळखण्याचे शिक्षण मिळाले आणि पुढे विजेचा झटका देण्याची मुभाही लाभली.

१९६६ मध्ये बेलफास्ट येथे डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी मोटारीच्या बॅटरीवर चालणारे, सुमारे ७० किलोचे झटका-यंत्र रुग्णवाहिकेत बसविले. १९७० मध्ये सिएटल येथे डॉ. लिओनार्ड कॉब यांनी अग्निशमन दलाच्या जवानांनाच ही विद्या दिली. अशा प्रकारे रुग्णालयाची ही विद्या रुग्णाच्या दारी पोहोचली.

या विद्येचा पाया साध्या गणिताचा आहे. पट्टी सेकंदाला २५ मिलिमीटर सरकते. मोठा चौकोन ०.२० सेकंदांचा असतो. ठोके नियमित असतील तर दोन शिखरांमधील मोठ्या चौकोनांच्या संख्येने ३०० ला भागावे. चार चौकोन असल्यास मिनिटाला ७५ ठोके. मात्र गणितापलीकडची पारख सरावानेच येते. सुटलेली तार सरळ रेषा दाखविते, तर थंडीने कापणाऱ्या रुग्णाची पट्टी घातक थरथरीसारखी भासू शकते. म्हणून आधी रुग्ण पाहावा आणि मग पट्टी, हा या शिक्षणाचा पहिला पाठ होय.

एकदा कमावलेली ही पारख वापराविना बोथट होते. यास्तव रुग्णवाहिकेतील कर्मचाऱ्यांनी जुन्या पट्ट्या पुनःपुन्हा वाचणे, चुका पडताळणे आणि घड्याळ लावून निर्णयाचा सराव करणे अगत्याचे ठरते. प्रसंगी एका कुटुंबाचा आधार अशाच सरावाने वाचतो. जीवरक्षेचे पुण्य अशा नित्य अभ्यासातही सामावलेले असते.