बडोद्याच्या ग्रंथपालाची बायको

बडोद्याच्या सुधारणांचा इतिहास सांगताना आपण निबंध मोजतो. तिथे कायद्याला निबंध म्हणत. 1904 चा बालविवाह प्रतिबंधक, 1931 चा लग्नविच्छेदाचा, शिवाय 1906 पासून संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण, त्यात मुलीही आल्या. यादी मोठी आहे, पण एकट्या बाईचा प्रश्न केवळ कायद्यानं सुटत नाही. ब्रिटिश हद्दीतला 1856 चा विधवा पुनर्विवाहाचा कायदाच घ्या. दुसरं लग्न केलं, की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जाई आणि मुलांचं पालकत्व दुसऱ्या कुणाकडे द्यावं म्हणून सासरचे लोक कोर्टात जाऊ शकत. लग्नाची मुभा मिळाली, पण पोरं हातची जाण्याची भीतीही तिच्यासोबतच आली. जिला लग्न न करता पोरं वाढवायची, तिला आधी हवी स्वतःची मिळकत.

म्हणून तानुबाई बिर्जे आठवतात. सत्यशोधक चळवळीतल्या घरातली लेक. नवरा वासुदेव बिर्जे बडोदा संस्थानात ग्रंथपाल. 1897 मध्ये ‘दीनबंधु’ साप्ताहिकाचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे गेल्यावर बिर्ज्यांनी ते पुढे चालवलं. 1906 मध्ये तेही गेले आणि संपादकाच्या खुर्चीत तानुबाई बसल्या. कुणी म्हणेल, ही खुर्ची कुंकवाच्या नात्यानं आली, यात कर्तृत्व कसलं? खुर्ची वारशानं मिळेल, पण साप्ताहिकाचा पुढचा अंक वारशात मिळत नाही. मजकूर जुळवायचा, छपाईचं बघायचं, वर्गणीसाठी मागे लागायचं, हे दर आठवड्याला नव्यानं करावं लागतं. नवऱ्याच्या माघारी बाईनं कोपरा धरायचा, हा त्या काळचा रिवाज. तिथे तिचं नाव संपादक म्हणून छापलं जाणं ही साधी गोष्ट नव्हती.

दुसरा आक्षेप खरा आहे: तिच्याजवळ शिक्षण होतं, चळवळीची माणसं होती, गावच्या विधवेकडे काय होतं? काहीच नाही. नेमकी हीच पोकळी बडोद्यानं नंतर भरायला घेतली. महाराणी चिमणाबाईंनी 1911 मध्ये हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, आणि 1914 मध्ये शहरात स्त्री उद्योगालय निघालं. पुस्तकापेक्षा मला ते उद्योगालय मोठं वाटतं. शिवणाची सुई हातात आली, की महिनाअखेरीला दिराच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.