वणव्याची धग

तळेगाव दाभाड्याजवळचें वराळे हें मावळांतलें गांव. फाल्गुन-चैत्रांत या मुलखांत रात्रीं डोंगरांकडे पाहिलें, तर कधीं कधीं वणव्याची तांबडी माळ दिसते. ती चढावर धांवते, उतारावर रेंगाळते. असें कां? या प्रश्नाच्या उत्तरास जवळजवळ दोन शतकें लागलीं.

१७७७ सालीं स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ शेले यानें दाखविलें कीं, शेगडीची धग हवेच्या झुळकीस न जुमानतां सरळ येते. हेंच उष्णतेचें प्रारण. १८२२ सालीं फूर्ये यानें पदार्थांतून होणाऱ्या वहनाचें गणित मांडलें. १८७९ सालीं स्टेफान यानें नियम सांगितला कीं, निरपेक्ष तापमान दुप्पट झालें, तर प्रारण सोळापट होतें. तापलेली हवा वर चढते, तें अभिसरण. पुढें १९४६ सालीं अमेरिकेंत फॉन्स यानें वणव्याला एकामागून एक पेटणाऱ्या काड्यांची रांग मानून त्याच्या वेगाचें गणित केलें. जळती काडी पुढच्या काडीस आधीं सुकविते, मग पेटविते. चढावर ज्वाळा पुढच्या गवतावर ओणवी होते; तें लवकर तापतें, आणि आग धांवूं लागते.

आमच्या शेतकऱ्यानें हें अनुभवानें ओळखलें होतें. भाताच्या रोपांसाठीं राब भाजतांना तो वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनें आग लावी, म्हणजे ती सावकाश जळे. पण १८७८ च्या वनकायद्यानंतर राबाच्या टहाळावरून सरकार व शेतकरी यांच्यांत तंटा माजला. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींच्या चौकशीसाठीं १८८५ सालीं आयोग नेमावा लागला. आग लावणारा हाच जंगलाचा शत्रू, असें म्हणणें सोपें होतें. आग राखणारा हात व सोडणारा हात यांतला भेद ओळखणें अवघड होतें.

आतां घरांचें पाहूं. कॅनडाच्या वायव्य प्रांतांत १९९७ ते २००० या काळांत मुद्दाम पेटविलेल्या रानासमोर लांकडी भिंती उभ्या केल्या. १० मीटरांवरच्या कांहीं पेटल्या. २० मीटरांवरची एकही पेटली नाहीं. म्हणजे ज्वाळेची धग दूरवर घर जाळीत नाहीं. मग घरें जळतात कशानें? वाऱ्यावर उडणाऱ्या निखाऱ्यांनीं. ७ फेब्रुवारी २००९ रोजीं ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतांत लागलेल्या वणव्यांत ठिणग्या कित्येक किलोमीटर पुढें जाऊन पडल्या. १७३ माणसें दगावलीं.

डोंगरावरचा वणवा आपणांस थांबवितां येईलच असें नाहीं. परंतु भिंतीलगतची कडब्याची गंजी हलविणें आणि छपरावरचा पाचोळा झाडणें आपल्याच हातीं आहे. ठिणगी येते पाहुणी म्हणून. तिला बसायला पाट आपणच मांडतों.