वानखेडेचं नूतनीकरण कसं वाचायचं?

वास्तूचा इतिहास म्हटलं की आपण किल्ले आणि वाडेच धरतो. स्टेडियमकडे साधन म्हणून कुणी बघत नाही. वानखेडे घ्या. ब्रेबॉर्नवरच्या तिकीटवाटपावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचं बिनसलं, १९७३च्या इंग्लंड कसोटीनंतर ते टोकाला गेलं आणि शेषराव वानखेडेंनी नवं मैदानच उभारलं. आराखडा शशी प्रभू या तरुण वास्तुविशारदाचा. सुमारे १३ महिन्यांत काम उरकलं. जानेवारी १९७५मध्ये तिथं कसोटीही झाली. (क्लाइव्ह लॉइडचे नाबाद २४२ तिथलेच.)

२०११च्या विश्वचषकासाठी त्याचं रूप पालटलं. नजरेआड खांब येऊ नये म्हणून टेफ्लॉनचा लेप दिलेल्या कापडाचं अधांतरी छत आलं, प्रत्येकाला वेगळी खुर्ची आली. आणि क्षमता सुमारे ३३,००० वर उतरली. तिकिटांच्या भांडणातून जन्मलेल्या मैदानात जागाच कमी झाल्या! मग त्या गेलेल्या जागा कुणाच्या होत्या? हे नकाशात सापडत नाही. तिकीटदर, क्लबांचा कोटा, जुनी वर्तमानपत्रं चाळावी लागतात.

होटगीत बसून मुंबई गाठणं जमत नसेल, तर सोलापूरच्या पार्क स्टेडियमवर सुरुवात करा. जुना फोटो घ्या, त्याच जागी उभे राहा आणि आधी काय गायब झालंय ते लिहा.