परित्यक्तेचे अन्न आणि परित्यक्तेची मोकळीक

देवळातील उत्सवाच्या दिवशी सुवासिनी पुढे सरसावत असता एखादी स्त्री मागच्या खांबाशी थबकून राहिल्याचे आपल्या जुन्या वाचकांना आठवत असेल. तिच्या गळ्यात मंगळसूत्र असे, कपाळी कुंकू असे, आणि नवरा दुसरीकडे संसार थाटून सुखाने नांदत असे. लोकभाषेने तिला ‘टाकलेली’ हा कठोर शब्द दिला. संस्कृतज्ञांनी ‘परित्यक्ता’ असे त्याचे सौम्य रूप केले. विधवेची स्थिती वाईट खरी, परंतु ती कोण आहे याविषयी समाजाच्या मनात संदेह नव्हता. हिच्याविषयी तो कायमचा होता. या स्त्रीसाठी आपल्या धर्मशास्त्राने व पुढे कायद्याने काय केले, याचा मागोवा घेतला असता एक गोष्ट ठळकपणे नजरेस येते: तिच्या पोटाची चिंता फार पूर्वी वाहिली गेली, तिला मोकळे करण्याचा विचार फार उशिरा सुचला.

स्मृतिकारांनी प्रवासाला गेलेल्या पतीचा विचार बारकाईने केला आहे. मनूने धर्मकार्यासाठी गेलेल्याची ८ वर्षे, विद्येसाठी वा कीर्तीसाठी गेलेल्याची ६ वर्षे आणि केवळ सुखोपभोगासाठी गेलेल्याची ३ वर्षे वाट पाहावी असे सांगितले. मुदत संपल्यावर तिने काय करावे, हे मात्र त्याने सांगितले नाही, आणि टीकाकारांची मते तेथेच फुटली. कोणी म्हणतो तिने पतीच्या शोधास निघावे, कोणी म्हणतो तिने दुसरा पती करावा. कौटिल्य या बाबतीत अधिक व्यवहारी आहे. अल्पकाळासाठी गेलेल्याची वाट किती पाहावी, याची वर्षे त्याने वर्णपरत्वे वाढती ठेवली. अपत्य असल्यास एक वर्ष अधिक आणि पती निर्वाहाची तरतूद करून गेला असल्यास मुदत दुप्पट, असा त्याचा हिशेब आहे. अध्ययनास गेलेल्या ब्राह्मणाच्या निपुत्रिक पत्नीने १० वर्षे व अपत्यवतीने १२ वर्षे थांबावे, असेही तो म्हणतो. काही प्रसंगी धर्मस्थांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, मोकळे केल्यावर तिला इच्छेप्रमाणे विवाह करता येई. आजच्या न्यायालयातील अर्जाचे हे दूरचे पूर्वरूपच मानावे लागेल.

पराशरस्मृतीतील पाच आपत्तींचा श्लोक तर सर्वपरिचित आहे. बेपत्ता, मृत, संन्यस्त, क्लीब वा पतित अशा पतीच्या स्त्रीला दुसरा पती विहित आहे, हा त्याचा आशय. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाच्या वादात याच वचनाचा आधार घेतला होता. परंतु माधवाचार्यांनी आपल्या भाष्यात ते वचन अन्य युगाचे ठरवून कलियुगातील स्त्रीपुरते त्याचे दार लावून टाकले होते.

येथे वाचकांनी एक भेद ध्यानी घ्यावा. ही सारी वचने दूर गेलेल्या वा नाहीशा झालेल्या पतीविषयी आहेत. जो नाहीसा झालेला नाही, जो त्याच गावात राहून पत्नीचे तोंड पाहत नाही, त्याचे काय? त्याच्यासाठी याज्ञवल्क्याने वेगळा नियम घातला. आज्ञाधारक, दक्ष, पुत्रवती व मधुरभाषिणी पत्नीचा त्याग करणाऱ्याकडून राजाने त्याच्या संपत्तीचा तृतीयांश तिला देववावा. तो निर्धन असेल तर तिचे भरणपोषण त्याच्याकडून करवावे. नियम उदार आहे, यात शंका नाही. (पत्नी मधुरभाषिणी नसेल तर काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.) पण तिला जे मिळाले ते धन होते. पत्नीपण तिच्या मस्तकी तसेच राहिले.

ही झाली ग्रंथांची गोष्ट. महाराष्ट्रातील बहुसंख्य जाती ग्रंथावर चालत नव्हत्या. पंचांसमक्ष काडी मोडून, सोडचिठ्ठी किंवा फारकत घेऊन स्त्री मोकळी होई आणि पाट लावी. ज्यांना आपण उच्चवर्णीय म्हणवून घेतो त्यांच्या लेकींना जे दार बंद होते, ते शेतकऱ्याच्या व कारागिराच्या लेकीला उघडे होते. इंग्रजी न्यायालयांनी या दाराचीही चौकट आखडली. १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शंभू रघूच्या खटल्यात असा निर्णय दिला, की विवाह रद्द ठरविण्याचा किंवा पहिला पती हयात असता स्त्रीला पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. पंचांनी मोकळी केलेली बाई अशा रीतीने सरकारदरबारी पुन्हा बांधली जाण्याचे भय निर्माण झाले. रूढीप्रमाणे होणारा घटस्फोट पुढे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या २९ व्या कलमाने अबाधित राखला; पण तशी रूढी आपल्या जातीत आहे हे सिद्ध करण्याचे ओझे तिच्यावरच राहिले.

पांढरपेशा स्त्रीला मोकळीक देणारा कायदा प्रथम आला तो ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर. पोर्तुगालमध्ये १९१० च्या ऑक्टोबरात प्रजासत्ताक स्थापन झाले आणि ३ नोव्हेंबरला घटस्फोटाचा हुकूम निघाला. तो गोव्यातही लागू झाला. दांपत्यगृहाचा ३ वर्षे पूर्ण त्याग हे त्यातील एक कारण, आणि ४ वर्षे काहीही वार्ता न लागणे हे दुसरे. स्मृतिकारांना जाणवलेला बेपत्ता आणि त्यागी यांतील भेद येथे दोन स्वतंत्र कलमांत बसला, आणि फळ दोघांसाठी एकच ठेवले: विवाहमुक्ती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०२ मध्ये विधवाविवाहाचा आणि १९०४ मध्ये बालविवाहबंदीचा कायदा केला होता. १९३१ मध्ये त्यांच्या राज्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला व परित्याग हे त्यातही एक कारण मानले गेले. लिस्बनचे क्रांतिकारक आणि बडोद्याचे महाराज यांच्यात दुसरे कोणतेही साम्य शोधून सापडणार नाही.

ब्रिटिश अमलात मात्र १९४६ पर्यंत याज्ञवल्क्याचीच पायवाट चालू होती. त्या वर्षीच्या कायद्याने पतीने त्याग केलेल्या हिंदू स्त्रीला वेगळे राहून पोटगी मागण्याचा हक्क दिला. म्हणजे पुन्हा अन्न. लगेच १९४७ मध्ये मुंबई प्रांताने घटस्फोटाचा कायदा करून सलग ४ वर्षांचा परित्याग हे कारण मान्य केले. बेळगाव तेव्हा मुंबई प्रांतातच होते, हे येथे सांगितले पाहिजे.

याच मुंबई कायद्याखालील एका दाव्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये जो निकाल दिला, तो परित्यागाच्या व्याख्येचा पाया मानला जातो. दावा पतीने लावला होता. १९४७ च्या मे महिन्यात घरात कलह होऊन पत्नी मुंबईहून माहेरी गेली. चार वर्षे लोटल्यावर पतीने तिने आपला त्याग केल्याचे सांगून घटस्फोट मागितला. पहिल्या न्यायमूर्तींनी तो दिला, अपिलात तो फिरविला गेला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही पतीच्या विरुद्ध कौल दिला. केवळ वेगळे राहणे म्हणजे त्याग नव्हे. सहजीवन कायमचे संपविण्याचा संकल्प त्याला जोडलेला असावा लागतो, शिवाय दुसऱ्या पक्षाची संमती नसावी आणि त्याने तसे वागण्यास सबळ कारणही दिलेले नसावे, असे न्यायालय म्हणाले. त्या खटल्यात पतीला नडली ती त्याची स्वतःचीच तार. पत्नीला परत पाठविण्याचे घाटत असता तिला पाठवू नका, असे त्याने सासऱ्यांना कळविले होते. ज्याने दार लावले त्याला ती आत का आली नाही म्हणून तक्रार करता येत नाही.

निकाल न्याय्य आहे, परंतु टाकलेल्या स्त्रीच्या दृष्टीने त्याची दुसरी बाजूही पाहावी. नवऱ्याने घर सोडले हे शेजारी सांगू शकतात. त्याच्या मनातील संकल्प कोण सांगणार? मुदत भरत आली की ‘नांदावयास ये’ असे एखादे पत्र टाकावयाचे आणि पुढे हात आखडावयाचा, ही युक्ती सुचण्यास फार मोठी बुद्धी लागत नाही. असे बोलावणे प्रामाणिक असेल तरच न्यायालय त्याला किंमत देते, हे खरे. पण ते अप्रामाणिक होते हे उलगडून दाखविण्यात वर्षे जातात.

१९५५ च्या कायद्याविषयी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्याने मुंबई, मद्रास व सौराष्ट्र येथील प्रांतिक कायदे रद्द केले, आणि परित्यागावरून थेट घटस्फोट मिळण्याची सोयही त्यांच्याबरोबर गेली. २ वर्षांच्या त्यागावरून न्यायिक विभक्ततेचा हुकूम मिळवावयाचा, त्यानंतर आणखी २ वर्षे सहजीवन सुरू झाले नाही तर घटस्फोट मागावयाचा, असा तो वळसा होता. देशभरच्या स्त्रीला जे नव्याने मिळाले, त्यात मुंबई राज्यातील स्त्रीचा काही अंशी तोटा झाला. हा वळसा १९७६ च्या दुरुस्तीने गेला. अर्जाच्या लगत पूर्वीची सलग २ वर्षे पुरी होत असतील तर आता परित्याग हे स्वतंत्र कारण आहे, आणि जाणूनबुजून केलेली उपेक्षाही त्यात मोडते. घर न सोडता घरातल्या माणसाला टाकणारा पतीही त्यामुळे कायद्याच्या दृष्टीस पडू शकतो.

गोव्यात १९६१ च्या मुक्तीनंतरही जुने कायदे चालू राहिले आणि १९५५ चा कायदा तेथे लागू झाला नाही. त्यामुळे मंगेशीला किंवा कवळ्याला एकाच कुलदेवतेपुढे नारळ ठेवणाऱ्या दोन घरांतील लेकींची गणना आजही निराळी आहे. घाटावर बेळगावात नांदणारीला २ वर्षे दाखवावी लागतात, घाटाखाली गोव्याच्या कायद्यात येणारीला ३.