फास्टर फेणेचें वय

मुलांसाठीं लिहिलेल्या गोष्टींना वाङ्मयाच्या इतिहासांत फारशी जागा द्यावयाची नाहीं, अशी आपल्याकडील इतिहासकारांची जुनी रीत आहे. कादंबरीला प्रकरण मिळतें, नाटकाला खंड मिळतो, आणि बालवाङ्मयाची बोळवण शेवटच्या दोन पानांत होते. परंतु छापील पानांतून उठून चालूं लागण्याचें सामर्थ्य एखाद्या पात्रांत आहे कीं नाहीं, हें पाहावयाचें झाल्यास आपणांस त्या शेवटच्या दोन पानांकडेच वळावें लागतें. गेल्या साठ वर्षांत पुण्यानें आणि त्याच्या पंचक्रोशीनें मराठी वाचकाला जीं पात्रें दिलीं, त्यांत फुरसुंगीच्या बनेश फेणे या किडकिडीत पोराइतकें घरोघर पोंचलेलें दुसरें पात्र आम्हांस तरी आठवत नाहीं. हा मुलगा पुस्तकांतून दूरदर्शनवर आणि पुढें रुपेरी पडद्यावर गेला. या प्रवासांत त्याचें काय टिकलें आणि काय गळलें, याचा येथें विचार करावयाचा आहे.

बनेशचे जनक भास्कर रामचंद्र भागवत (१९१०–२००१) हे जन्मानें इंदूरचे. मोठ्यांसाठीं लिहून उरलेल्या वेळांत मुलांसाठीं चार ओळी खरडाव्या, असा त्यांचा प्रकार नव्हता. मुलांसाठीं लिहिणें हेंच त्यांचें जन्माचें काम होतें. पन्नासच्या दशकांत त्यांनीं ‘बालमित्र’ हें मासिक चालविलें. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराच्या अद्भुत प्रवासांना त्यांनीं मराठी वेष दिला; ‘चंद्रावर स्वारी’ आणि ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ हीं नांवें ऐकलीं कीं आज साठी उलटलेल्या वाचकाचाही चेहरा खुलतो. परक्या मातींतील रोप आणून आपल्या अंगणांत लावावयाचें, तर त्याची कोणती मुळी तोडावयाची नाहीं, हें त्यांना या तालमींतून पक्कें ठाऊक झालेलें होतें. भागवत स्वतःच पट्टीचे रूपांतरकार होते, ही गोष्ट पुढें त्यांच्या नायकाचें जें रूपांतर झालें त्याकडे पाहतांना विसरूं नये.

त्या काळच्या मराठी मुलाच्या मनांत साहस म्हणजे समुद्र, बेट, बंदूक आणि गोरा साहेब. साहस इंग्रजींतून येई, आणि तें इंग्रजी मुलांच्याच वांट्याला येई. भागवतांनीं हा मक्ता मोडला. त्यांचा नायक हडपसरच्या पलीकडल्या फुरसुंगी या खेड्याचा. पुण्याला विद्याभवन नांवाच्या शाळेंत शिकणारा. अंगानें काटकुळा, पायानें चपळ आणि संकटाचा वास आला कीं घरीं न थांबणारा. जीभ टाळूला लावून तो जो ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो, तो महाराष्ट्रांतील किती मुलांनीं आरशापुढें उभें राहून घटविला असेल त्याची गणतीच नाहीं! ‘फुरसुंगीचा फास्टर फेणे’ पासून त्याचीं सुमारें वीस पुस्तकें झालीं. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ झाला, ‘काश्मिरी करामत’ झाली, ‘गुलमर्गचें गूढ’ झालें. देशांत एवढ्या उलथापालथी झाल्या, पुणें पेन्शनरांचें व सायकलींचें गांव होतें तें कारखान्यांचें शहर झालें. पण बनेश आपला शाळकरीच राहिला. वाचक शाळा सोडून कॉलेजांत गेले, नोकरीला लागले, बोहल्यावर चढले. त्यांचा नायक मात्र जेथल्या तेथें, वहीदप्तर सांभाळीत, पुढल्या पिढीची वाट पाहात उभा.

येथेंच या विषयाचें मर्म आहे, आणि तें नीट कळण्यासाठीं क्षणभर इंग्लंडांत डोकावून येणें उपयोगाचें होईल. १९७७ च्या फेब्रुवारींत तेथें ‘टू थाउजंड ए.डी.’ नांवाचें चित्रकथांचें साप्ताहिक निघालें, आणि त्याच्या दुसऱ्याच अंकांत जज ड्रेड हें पात्र अवतरलें. लेखक जॉन वॅग्नर, चित्रकार स्पेनचा कार्लोस एझ्केरा. भविष्यांतील एका अवाढव्य नगरांत शिपाई आणि न्यायाधीश हे दोन्ही अधिकार एकाच माणसाच्या हातीं दिले तर काय होईल, याचा हा अर्धा थट्टेचा, अर्धा भयाचा खेळ. त्यांतील दोन संकेत मोठे लक्षांत घेण्याजोगे आहेत. एक असा कीं या न्यायाधीशाचा चेहरा वाचकाला कधीं दाखवावयाचा नाहीं. शिरस्त्राणाखालीं दिसते ती केवळ हनुवटी. दुसरा संकेत असा कीं बाहेरच्या जगांत एक वर्ष गेलें कीं कथेंतही एक वर्ष जातें. नायक वाचकाबरोबर म्हातारा होत जातो.

१९९५ सालीं अमेरिकेच्या पद्धतीनें याचा भव्य चित्रपट निघाला. सिल्व्हेस्टर स्टॅलन यांच्यासारखा जगप्रसिद्ध नट घ्यावयाचा आणि त्याचें तोंड झांकून ठेवावयाचें, हें कोणत्या भांडवलवाल्याला परवडणार? शिरस्त्राण उतरलें, आणि जुने वाचक जे रुसले ते रुसलेच. २०१२ सालीं दुसरा चित्रपट आला. त्यांत कार्ल अर्बन यांनीं अथपासून इतिपर्यंत शिरस्त्राण काढलें नाहीं. तिकिटांच्या बाजारांत हा चित्रपट पडला. पण वाचकांनीं तो आपला मानला. लोकांच्या जिवाभावाच्या पात्राला अशी एक खुंटी असते, तिच्यावर त्याचें सारें वजन टांगलेलें असतें. रूपांतरकारानें घर खुशाल बदलावें; खुंटी उपटूं नये. मौज एवढीच कीं ती खुंटी कोणती हें मालकालाही पुष्कळदां ठाऊक नसतें, आणि उपटल्यानंतर सर्वांनाच कळतें.

पुण्याला हा धडा नवा नव्हता. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावांचें उदाहरण डोळ्यांपुढें होतें. जोशी हे मूळ पुण्याचे आणि बडोद्यास पालीचे प्राध्यापक. त्यांचे चिमणराव आपली फजिती आपणच सांगतात. आणि सांगतांना ती फजिती आहे याचा त्यांना पत्ता नसतो. विनोदाची खुंटी ती ही. १९४० सालीं मास्टर विनायक यांनीं नवयुग चित्रपट संस्थेकरितां ‘लग्न पहावें करून’ हा बोलपट काढला. दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पुढें १९४२ सालीं ‘सरकारी पाहुणे’ आला. पडदा ‘मी’ म्हणूं शकत नाहीं. तो माणसाला बाहेरून दाखवितो. त्यामुळें पुस्तकांत जो माणूस आपल्याशीं बोलत होता, त्याला आपण दुरून पाहूं लागलों. दामुअण्णांच्या नुसत्या दर्शनानें हंशा पिके, ही त्यांची थोरवी खरी. पण तो हंशा दामुअण्णांचा होता, चिंतामणरावांच्या वाक्याचा नव्हे, असें म्हणण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.

पुढें मुंबई दूरदर्शन केंद्रानें सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हेच चिमणराव घरांत आणले, तेव्हां दिलीप प्रभावळकर यांनीं दुसरी वाट धरली. त्यांचा चिमणराव आपण विनोदी आहों हें जाणतच नव्हता. तो गंभीरपणें संसार करीत होता. बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ शेजारीं भक्कम उभा. पुस्तकांतील ‘मी’ जेथें गमावला होता तेथें नटाच्या मुद्रेवरील निरागसपणानें त्याची भरपाई झाली. सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळें पुण्याच्या वाड्यावाड्यांतून मुंबईचें दूरदर्शन दिसूं लागलेलें होतें, आणि ज्याच्या घरीं संच त्याच्या घरीं आळी लोटे. जुन्या पुस्तकांतील पात्र नव्या पिढीनें प्रथम ‘पाहिलें’ आणि मग वाचलें, असा उलटा क्रम मराठींत त्या वेळीं रूढ झाला.

ऐंशीच्या दशकांत फास्टर फेणे दूरदर्शनवर आला तो याच वाटेनें. सुमीत राघवन हा मुलगा बनेश झाला. पुढें हे गृहस्थ हिंदी व मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर नांवाजले. पण त्या वेळीं ते वयानें शाळकरीच होते, आणि हीच त्या मालिकेची सर्वांत मोठी जमेची बाजू. प्रेक्षक मुलगा, नायक मुलगा, नटही मुलगा. मध्यें कोठें सांधा दिसावयास नको. अर्थात् या सोयीला एक गैरसोय चिकटलेलीच असते. पुस्तकांतील मुलगा वीस पुस्तकें झालीं तरी वाढत नाहीं. हाडामांसाच्या मुलाला मात्र वर्ष-दोन वर्षांत मिसरूड फुटतें आणि आवाज फुटतो. बालनायकाची मालिका म्हणूनच स्वभावतः अल्पायुषी असते. ती संपली, आणि बनेश पुन्हा पुस्तकांत गेला.

तो तेथून बाहेर आला तो एकदम २०१७ च्या ऑक्टोबरांत, आणि या खेपेस मोठा होऊन. ‘फास्टर फेणे’ या चित्रपटाचे दिग्दर्शक आदित्य सरपोतदार. मूकपटांच्या काळापासून पुण्यांत चित्रपटाचा व्यवसाय करीत आलेल्या घराण्यांतील. लेखन क्षितिज पटवर्धन यांचें, निर्मिती रितेश देशमुख यांच्या संस्थेची. बनेशची भूमिका केली अमेय वाघ यांनीं, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावरील नटानें. चित्रपटांतील बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठीं पुण्यास येतो. परीक्षेंत भेटलेला एक विद्यार्थी मरण पावतो. आणि त्या मृत्यूचा माग काढतां काढतां बनेश परीक्षेच्या काळ्या बाजारापर्यंत पोंचतो.

या बदलांत हिशेब होता, आणि तो केवळ पैशाचा नव्हता. पुस्तकांतला बनेश फुरसुंगीहून पुण्याला शिकावयास आला होता. आजचा खेड्यांतला हुशार मुलगा पुण्याला येतो तो शिकवणीच्या वर्गांसाठीं आणि प्रवेशपरीक्षेसाठीं. त्याची लढाई तेथें आहे, त्याला फसविणारे तेथें आहेत. एका परीक्षेवर साऱ्या घराचें भवितव्य टांगलेलें असणें, हें भय पुण्याच्या सदाशिव पेठेंतल्या कोणत्याही खोलींत आज भेटेल. जुन्या कथेचा सांगाडा न मोडतां तिच्यांत आजचें पुणें भरावयाचें, हें काम लेखकानें उत्तम साधलें आहे. गिरीश कुलकर्णी यांचा खलनायक अप्पा तर असा कीं त्याचा मवाळ आवाज ऐकूनच अंगावर कांटा यावा. आणि सर्वांत गोड योजना अशी कीं प्रत्यक्ष भा. रा. भागवत हेच पात्र म्हणून चित्रपटांत आणले आहेत, व ती भूमिका केली आहे दिलीप प्रभावळकर यांनीं. चाळीस वर्षांपूर्वीं जो नट चिं. वि. जोशांच्या मानसपुत्राचा देह झाला, तोच आतां दुसऱ्या एका लेखकाचा देह झाला. ‘ट्टॉक्’ ही ठेवला आहे.

मग खुंटी टिकली काय? आमच्या मतें येथें चूक झाली, आणि ती शिरस्त्राण उतरविण्याइतकीच मोठी आहे. निर्मात्यांनीं पाहिलें कीं साठ-सत्तर-ऐंशीच्या दशकांतले वाचक आतां मिळवते झाले आहेत. तिकीट तेच काढणार. तेव्हां नायकालाही त्यांच्याकडे चार पावलें सरकवूं या. जज ड्रेड वाचकाबरोबर वाढतो, कारण त्याच्या कर्त्यांनीं पहिल्यापासून तसा करार केला आहे. भागवतांनीं उलटा करार केला होता: तुम्ही वाढा, हा वाढणार नाहीं; म्हणजे तुमच्या मागून येणाऱ्यांना तो सांपडेल. नायक प्रौढ झाला तसे गुन्हेही प्रौढ झाले. खून आला, धाकदपटशा आला, मारामारींत रक्त आलें. चित्रपट म्हणून हें सारें ठाकठीक. परंतु ज्या आठ-दहा वर्षांच्या मुलासाठीं हा नायक मुळांत जन्माला आला, त्याला शेजारीं बसवून हा चित्रपट दाखवितांना आईबापांना दोन ठिकाणीं त्याचे डोळे झांकावे लागतात. बापाला त्याचें बालपण परत मिळालें, आणि तें मुलाच्या वांट्यांतून वजा करून मिळालें.

कोणी म्हणेल, आजच्या मुलाला शाळकरी नायक चालणार नाहीं. त्याच्या हातांत साऱ्या जगाचा खेळ आहे. हा युक्तिवाद आम्हांस पटत नाहीं. तोच मुलगा हॅरी पॉटर नांवाच्या इंग्रज शाळकरी पोराच्या मागें पुस्तकाचीं हजारों पानें धांवला, आणि त्या चित्रपटांच्या निर्मात्यांनीं मुलांच्या भूमिका मुलांनाच दिल्या. तीं मुलें दहा वर्षें पडद्यावर वाढलीं, आणि प्रेक्षक त्यांच्याबरोबर वाढले. आपल्याकडे पैसा तितका नाहीं हें मान्य. पण दूरदर्शनच्या काळीं तर तो त्याहूनही कमी होता.

योगायोगाची एक गोष्ट येथें नोंदवून ठेवण्याजोगी आहे. ज्या ऑक्टोबरांत हा चित्रपट लागला, त्याच महिन्यांत फुरसुंगी गांव पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत घेतलें गेलें. पुढें तें पुन्हा वगळून उरुळी देवाचीसह त्याची वेगळी नगरपरिषद झाली. गांवाला आपण खेडें कीं शहर याचा निर्णय होईना, आणि त्याच्या मुलाला आपण लहान कीं मोठे याचा.

पुढें कोणी पुन्हा हें काम हातीं घेईल, तर त्यानें मोठ्या पडद्याचा हट्ट सोडावा असें आम्हांस वाटतें. चार-सहा भागांची छोटी मालिका, विद्याभवनांत शोभेल अशा वयाचा, शक्य तर पुणें जिल्ह्यांतल्याच एखाद्या शाळेंतला मुलगा, आणि भागवतांच्या मूळ कथा. काळ बदलावयाचा तर खुशाल बदलावा, खून मात्र नको. नट वाढला तर पुढच्या वर्षीं दुसरा घ्यावा; इंग्रजांनीं आपले गुप्तहेर आणि वैद्य असे कितीदां बदलले आहेत. आरंभ ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ नें करावयास हरकत नाहीं. गड जागेवरच आहे, आणि पुण्याहून पहाटे निघालें तर रात्रीं घरीं परत येतां येतें.