चुकलेली, तरीही कायदेशीर

उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना या अमेरिकेतल्या शेजारी राज्यांची हद्द इंग्रजांच्या काळात कागदावर ठरली, तेव्हा ती अगदी सोपी दिसत होती. केप फिअर नदीच्या मुखापासून किनाऱ्याने नैर्ऋत्येला 30 मैल जायचं, तिथून वायव्येला वळून 35 अक्षांश गाठायचा आणि मग सरळ पश्चिमेला निघायचं. 1735 मध्ये मोजणी सुरू झाली. 1737 मध्ये मोजणीदारांनी एक खुंटी ठोकून काम थांबवलं. ती खुंटी 35 अक्षांशाच्या सुमारे 11 मैल अलीकडे, दक्षिणेला होती.

1764 च्या तुकडीने तिच्यावरच विश्वास ठेवून पश्चिमेची रेघ ओढली. चूक ध्यानात आली तोवर दक्षिण कॅरोलायनाची सुमारे 660 चौरस मैल जमीन गेली होती. रेघ मात्र कोणी पुसली नाही. भरपाई म्हणून 1772 मध्ये पुढची हद्द कटॉबा आदिवासींच्या जमिनीला वळसा घालून 35 अक्षांशाच्या वर नेली. शार्लटजवळ नकाशावर दिसणारी वेडीवाकडी वळणं ही त्या तडजोडीची.

हद्दीच्या खुणा म्हणजे झाडांवर कुऱ्हाडीने घातलेल्या खाचा. झाडं पडली, कुजली, तोडली गेली. 1990 च्या दशकात डोंगरातल्या एका मोठ्या जमिनीच्या विक्रीवेळी हद्द नेमकी कुठे, हा प्रश्न उभा राहिला आणि दोन्ही राज्यांनी मिळून फेरमोजणी हाती घेतली.

उपग्रहांच्या मदतीने 35 अक्षांश सहज सापडला असता, पण शोधायचा तो नव्हताच. जमिनीवर प्रत्यक्ष आखलेली आणि दोन्ही बाजूंनी पिढ्यान्‌पिढ्या मानलेली रेघ हीच कायद्याने हद्द. मूळ आदेशाला ती सोडून असली तरी. म्हणून मोजणीदार जुनी खरेदीखतं आणि नकाशे चाळत ती चूकच इमानाने हुडकत होते. यात वकिली सोयही होती. हद्द बदलायची नसून जुनीच पक्की करायची असल्याने अमेरिकी काँग्रेसची मंजुरी लागत नव्हती.

तरी 19 घरांचं राज्य बदललं: 16 उत्तरेत गेली, 3 दक्षिणेत. लेक वायलीजवळच्या एका पेट्रोल पंपावरच्या दुकानाची पंचाईत मोठी. दक्षिणेत इंधनावरचा कर कमी आणि फटाके विकायलाही मोकळीक. त्यावरच त्याचा धंदा चाले. मोजणीत ते उत्तरेत निघालं! अशा लोकांना सांभाळून घेणारे कायदे दोन्ही विधिमंडळांनी केले. जुन्या करांची थकबाकी मागायची नाही, मुलांच्या शाळा तुटू द्यायच्या नाहीत, अशा तरतुदी त्यांत होत्या. 1 जानेवारी 2017 पासून हे कायदे लागू झाले.