आपल्या डोक्यावरचा इतिहास : छत, गळती आणि पंचवीस पावसाळे

सोसायटीच्या स्थापनेची हकिगत, आजवरच्या कार्यकारिण्या, गणेशोत्सव, क्रीडास्पर्धा हे सगळं या स्मरणिकेत इतरत्र येईलच. संपादक मंडळाने मला इमारतीचा इतिहास लिहायला सांगितला, म्हणून मी इतिवृत्ताच्या वह्या काढून बसलो. पार्किंग, लिफ्ट, पाण्याची वेळ हे विषय येतात नि मिटतात. ‘गळती’ हा शब्द मात्र जवळजवळ प्रत्येक वर्षी आहे. जुलैत तक्रार, ऑगस्टमध्ये पाहणी, दिवाळीपूर्वी रंग आणि पुढच्या जुलैत पुन्हा तीच तक्रार. तेव्हा आपल्या इमारतीचा इतिहास छतावरूनच सांगितलेला बरा.

सुरुवात जरा मागून, कोकणातून करतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच घरांचं गाव तिकडे आहे. समुद्रकाठच्या माणसाला छत गळतं याचं नवल कधीच नव्हतं. गवताचं छप्पर असो की नळीच्या कौलांचं, ते थोडंफार गळणारच हे धरून घर बांधलेलं असे. म्हणून उतार मोठा, वळचण लांब, आणि पावसाआधी शाकारणी ठरलेली. वैशाखात गडी कौलांवर चढायचे, फुटकी कौलं बदलायची, सरकलेली नीट बसवायची, पाला झाडायचा. हा घरखर्चाचाच भाग होता, त्याला कोणी ‘दुरुस्ती’ म्हणत नसे. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी ती चपटी मंगलोरी कौलं जहाजांतून किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत आली. गळती कमी झाली, पण छताचा स्वभाव तोच राहिला. कौलांच्या फटींतून वारा खेळायचा. चुलीचा धूर वर जायचा, त्याने वासे-रिपा सुक्या राहायच्या आणि कीडही कमी लागायची. रात्री गळलं तर खाली पातेलं ठेवायचं, उघडीप मिळाली की दोन दिवसांत सगळं खडखडीत. ते छत भिजायचं, पण वाळायचंही.

मुंबईत जुन्या चाळी बांधल्या गेल्या तेव्हा सागवानी तुळयांवर पाटण आणि वर कौलारू छप्पर हीच पद्धत होती. जिथे सपाट गच्ची हवी तिथे चुन्यात विटांचे तुकडे घालून कोबा करत. बायका रांगेने बसून लाकडी थापट्यांनी तो दिवसचे दिवस ठोकत. चुन्यात ठिकठिकाणी गूळ, हिरड्याचं पाणी घालायचीही रीत होती. पुढे १९३० नंतरच्या दशकात मरीन ड्राइव्हवर आणि ओव्हलच्या कडेला ज्या गोलसर बाल्कन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांनी मुंबईला सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबची सवय लावली. लोखंडी सळयांचं जाळं, त्यावर काँक्रीट, वर सपाट गच्ची. कौलं नकोत, शाकारणी नको. एकदा बांधलं की पिढ्यांची काळजी मिटली, असं लोकांना वाटू लागलं.

समुद्राच्या हवेने तो समज खोटा ठरवला. जुन्या मुंबईतल्या घरांची अवस्था इतकी बिकट झाली की १९६९ मध्ये त्यांच्या दुरुस्तीसाठी सरकारला कायदा करून वेगळं मंडळ नेमावं लागलं. तेच पुढे म्हाडात आलं. त्यातल्या बहुतेक इमारती लाकडाच्या होत्या. पण काँक्रीटच्या इमारतींचीही पाळी पुढे आलीच.

स्लॅबचं दुखणं काय असतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची हकिगत कळेल. काँक्रीट दिसायला दगड असलं तरी आत बारीक छिद्रं असतात. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, आणि त्यामुळे आतली सळई गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत जातो आणि हे संरक्षण हळूहळू संपवतो. किनाऱ्यावर त्यात मिठाची भर पडते. वाऱ्याबरोबर आलेला खार, कुठे बांधकामात नीट न धुतलेली खाडीची रेती. मीठ आणि ओल दोन्ही सळईपर्यंत पोचली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो. आतून फुगतो आणि खालचं काँक्रीट ढकलून देतो. आपण खालून बघतो तेव्हा आधी सळईच्या रेषेत चीर दिसते, मग पोपडा आणि मग तुकडा पडतो.

सळईखाली काँक्रीटचं जे आवरण असतं, त्याच्या जाडीवर हे सगळं अवलंबून असतं. १९७८ च्या भारतीय मानकात स्लॅबसाठी किमान १५ मिलिमीटर आवरण पुरेसं धरलं होतं. २००० साली मानक सुधारलं तेव्हा अगदी सौम्य वातावरणातही किमान २० आणि वातावरण जसं कठीण होईल तसं ३०, ४५ असं ते वाढवलं गेलं. आपल्या इमारतीचे नकाशे त्या सुधारणेच्या आधीचे आहेत. म्हणजे आपण राहायला आलो तेव्हाच आपल्या छताकडे शिल्लक थोडी कमी होती.

पहिली चार-पाच वर्षं तरीही सुखाची गेली. मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. उपनगरात सबंध पावसाळ्याचा पाऊस सरासरी सव्वादोन मीटरच्या आसपास असतो, त्यातला चाळीस टक्क्यांहून अधिक एका दिवसात. तळमजल्यावरच्यांनी त्या रात्री काय सोसलं ते सगळ्यांना आठवतं. बिछाने, धान्याचे डबे, मुलांची पुस्तकं घेऊन ती कुटुंबं वरच्या मजल्यांवर राहिली. पण त्याच रात्री गच्चीवरही पाणी तुंबलं होतं. पालापाचोळ्याने पावसाळी पाइपांच्या जाळ्या बंद झाल्या होत्या आणि कठड्यालगत घोटाभर पाणी उभं होतं. खालचं पाणी दोन दिवसांत ओसरलं. वरचं कोब्यात शिरलं, ते तिथेच राहिलं.

त्यानंतरची आठ-नऊ वर्षं इतिवृत्तात एकाच चक्राची आहेत. पाचव्या मजल्यावर पिवळे डाग पडले की ज्याचं घर त्याने पुट्टी लावून रंग द्यायचा. भिंतीला लोणा लागला की खरवडायचा. दोन घरांनी प्लॅस्टरचं फॉल्स सीलिंग करून घेतलं, म्हणजे डाग दिसेनासा झाला आणि वर काय चाललंय तेही दिसेनासं झालं. सोसायटीतर्फे एकदा गच्चीवर डांबराचा थर मारला गेला. कंत्राटदाराने दहा वर्षांची हमी लिहून दिली होती. तो थर दुसऱ्या उन्हाळ्यात तडकला आणि कंत्राटदार फोन उचलेनासा झाला.

मग एका सप्टेंबरच्या दुपारी पाचव्या मजल्यावरच्या एका घरात छताचा परातीएवढा तुकडा अभ्यासाच्या टेबलावर पडला. मुलगी शाळेत होती, म्हणून निभावलं. त्या घरातल्या काकू तिसऱ्या वर्षी तक्रार करत होत्या. त्यांना तोवर मिळालेलं उत्तर एकच होतं, तुमचं छत, तुमचा खर्च. त्यांनी घर विकायला काढलं. दलाल ग्राहक घेऊन यायचा, ग्राहक छताकडे बघायचा आणि चहा न घेता जायचा.

त्यानंतरची विशेष सर्वसाधारण सभा ज्यांना आठवते त्यांना ती चांगलीच आठवते. रात्री साडेनऊला सुरू झालेली सभा साडेबाराला संपली. खालच्या मजल्यांवरचे काही सभासद म्हणत होते की आम्ही गच्ची वापरत नाही, तर खर्च का द्यायचा? वरचे म्हणत होते की वर राहतो हा आमचा गुन्हा आहे का? आदर्श उपविधींची प्रत आणली गेली आणि त्यातलं कलम मोठ्याने वाचलं गेलं. गच्ची आणि कठड्याची दुरुस्ती ही सोसायटीची जबाबदारी आहे. इतकंच नव्हे, गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून शेवटच्या मजल्यावरच्या छताचं नि प्लॅस्टरचं जे नुकसान होतं, तेही सोसायटीनेच दुरुस्त करायचं. सभा जरा थंडावली. पण पारडं फिरलं ते तळमजल्यावरच्या आजोबांच्या बोलण्याने. ते आज आपल्यात नाहीत. ते म्हणाले, “सव्वीस जुलैला माझं घर बुडालं तेव्हा आम्ही चार दिवस पाचव्या मजल्यावर जेवलो. तेव्हा कोणी मला म्हणालं नाही की तुमचा तळमजला, तुमचं पाणी.” ठराव बहुमताने मंजूर झाला. निम्मी रक्कम दुरुस्ती निधीतून आणि उरलेली सर्व सभासदांकडून सारखी, चार हप्त्यांत. पुढे विरोध करणाऱ्यांनीही हप्ते वेळेवर भरले, हेही नोंदवलं पाहिजे.

कामाची पद्धत मुद्दाम लिहून ठेवतो, पुढच्या कार्यकारिणीला उपयोगी पडेल. आधी पाणी कुठून येतं ते शोधलं. डाग जिथे दिसतो तिथेच वर भोक असतं असं नाही. पाणी कोब्याखालून सरकत जातं आणि वाट मिळेल तिथे उतरतं. म्हणून पावसाळ्यानंतर गच्चीचे भाग पाडून एकेका भागात दोन-तीन दिवस पाणी साठवून बघितलं. आपल्याकडे मूळ चोर निघाला कठड्याचा सांधा आणि पाण्याच्या टाकीखालची जागा. मग जुना कोबा काढून नवीन घातला, शंभराला एक असा उतार दिला आणि कठड्याच्या कोपऱ्यात सगळीकडे गोलाई दिली, जिला कारागीर ‘वाटा’ म्हणतात. नव्या कोब्यावर पुन्हा पाणी साठवून बघितलं आणि वरचं काम कोरडं ठरल्यावरच खालच्या छताला हात लावला.

छत हातोडीने ठोकून बघायचं. खणखणीत आवाज आला तर ठीक, भद्द आवाज आला तर तेवढा भाग सुटलेला. सुटलेलं सगळं काढायचं, सळई मागूनही मोकळी करायची, तारेच्या ब्रशने गंज साफ करायचा, गंजरोधक लेप द्यायचा, जास्त झिजली असेल तर जोड-सळई बांधायची आणि मग पॉलिमर मिसळलेला मसाला थराथराने भरायचा.

सगळ्यात जास्त वाद झाला तो वाळण्यावर. दिवाळीआधी रंग हवा, ही प्रत्येक घराची इच्छा. पण ओल्या छतावर रंग दिला की आतली ओल कोंडते आणि फुगे येतात. आधीच्या सगळ्या वर्षांत नेमकं हेच झालं होतं. किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये हवाच इतकी दमट असते की खिडक्या उघडून काही वाळत नाही. आपल्याकडे वाळवण्याचे खरे महिने ऑक्टोबरच्या उकाड्यापासून पुढचे. त्या वर्षी सोसायटीने ठरवलं की छताला तीन महिने नुसते पंखे आणि उघड्या खिडक्या, रंग नाही. परीक्षाही साधी होती. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी छताला चिकटपट्टीने लावायचा. एक-दोन दिवसांनी काढून बघायचा. आतल्या बाजूला दव दिसलं तर थांबायचं. पाचव्या मजल्यावरच्या लोकांनी ती दिवाळी डागाळलेल्या छताखाली साजरी केली आणि रंग जानेवारीत, संक्रांतीनंतर दिला. तो आजही शाबूत आहे. काकूंनी घराची जाहिरात काढून टाकली. त्यांची मुलगी आता नोकरीला लागली आहे आणि सोसायटीच्या तरुण मंडळात आहे.

घराघरांसाठी दोन गोष्टी. पंख्याच्या किंवा दिव्याच्या जागेतून पाणी येत असेल तर आधी त्या खोलीची वीज मुख्य फळीवरून बंद करा. छताचा रंग पाण्याने फुगून लोंबत असेल तर खाली बादली ठेवून टोकदार वस्तूने बारीक भोक पाडा आणि पाणी उतरू द्या. नाहीतर ते पसरत जातं आणि एकदम कोसळतं.

आता पुढचं. इमारत पंधरा वर्षांची झाल्यावर दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची, असं उपविधी सांगतात. आपण तिशीपासून पाच वर्षांवर आहोत. बांधकाम खर्चाच्या वार्षिक पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड हे किमान आकडे आहेत. मासिक बिलात ते दिसले की काहींच्या कपाळाला आठी पडते, ती पडू नये एवढ्यासाठी हा लेख. कोकणातले आपले आजे-पणजे दर वैशाखात कौलांवर चढत होते. स्लॅब आला म्हणून ते काम संपलेलं नाही. दरवर्षी मेच्या दुसऱ्या रविवारी गच्ची झाडून पाइपांच्या जाळ्या मोकळ्या करण्याचा आपला उपक्रम त्याच परंपरेतला आहे. गेल्या वर्षी त्याला सात जण आले होते. यंदा प्रत्येक घरातून निदान एक माणूस यावा, आणि येताना झाडू घेऊन यावा, ही विनंती. चहा-पोह्यांची सोय सोसायटीतर्फे आहे.